बीमचा झोल आणि ‘स्पॅन भागिले २५०’

आरसीसी बीम किंवा स्लॅबच्या झोलावरून, म्हणजे भाराखाली मधे येणाऱ्या वाकावरून, आज साइटवर जी भांडणं होतात, त्यांतली बहुतेक १९७८ साली सुधारून आलेल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडपर्यंत मागे नेता येतात. त्याआधीचा इतिहास मोठा आहे, पण या भांडणापुरता तो थोडक्यात पुरे.

बीम कधी तुटतो हा प्रश्न जुना, किती वाकतो हा त्यामानाने उशिराचा. १६३८ मध्ये इटलीतल्या एका शास्त्रज्ञाने भिंतीत रुतवलेल्या वाशाचं गणित मांडलं, तेही फक्त ताकदीचं, आणि त्याचं उत्तर खऱ्याच्या तिप्पट निघालं. अठराव्या शतकात वाकलेल्या दांड्याच्या वक्राचं समीकरण मिळालं आणि १८२६ च्या सुमारास फ्रान्समधल्या वर्गांतून ते इंजिनिअरांच्या हाती पडलं. मात्र किती वाक चालवून घ्यायचा, हे समीकरण सांगत नाही. ते ठरवलं छताच्या गिलाव्याने. १८२० च्या आसपास इंग्लंडमधल्या सुतारकामाच्या एका ग्रंथात फुटामागे १/४० इंच, म्हणजे स्पॅन (दोन टेकण्यांमधलं अंतर) भागिले ४८०, असा आकडा आला. त्याहून जास्त वाक आला तर गिलाव्याला तडे जातात, एवढाच त्यामागचा हिशेब. आपल्या वाड्यांतल्या कडीपाटाला गिलावाच नव्हता. तुळई वाकलेली दिसली की खाली खांब द्यायचा.

आरसीसीतही बरीच वर्षं कोणाला झोलाची फिकीर नव्हती. साध्या सळईवर १४० मेगापास्कलच्या पुढे ताण द्यायचा नाही, काँक्रीट बेताच्या ताकदीचं, त्यामुळे सेक्शन आपोआप जाड निघायचे. साठ-सत्तरच्या दशकांत पीळ दिलेली टॉर सळई आली आणि परवानगीचा ताण २३० वर गेला. सळईची ताकद वाढली, पण तिचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताणलं जाण्याला विरोध करणारा कडकपणा, तोच राहिला, सुमारे २ लाख मेगापास्कल. म्हणजे तेवढाच भार कमी सळईवर, आणि ती सळई दीडपटीहून जास्त ताणली जाणार. काँक्रीटच्या भेगा वाढल्या, त्यांच्याबरोबर झोलही. म्हणजे झोल वाढला तो माल सुधारल्यामुळे! भरीस सिमेंटची टंचाई होती. १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण नियंत्रणमुक्ती होईपर्यंत सिमेंट कोट्यावर मिळायचं, आणि त्याच कोट्याच्या वादात १९८२ साली राज्याच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. अशा दिवसांत स्लॅब अर्ध्या इंचाने पातळ करून देणारा डिझायनर सगळ्यांनाच हवासा होता.

या पार्श्वभूमीवर १९७८ च्या सुधारणेत लिमिट स्टेट पद्धत (तुटणं आणि वापरातला वाक-भेगा यांच्या मर्यादा वेगवेगळ्या तपासणारी) आली आणि झोलाला दोन मर्यादा मिळाल्या. एकूण अंतिम झोल स्पॅन भागिले २५०. पार्टिशन आणि फिनिशिंग झाल्यानंतर वाढणारा झोल स्पॅन भागिले ३५० किंवा २० मिलिमीटर, यांतला जो कमी असेल तो. गोंधळ होतो तो नेमका इथे. ७ मीटरच्या बीमला पहिली मर्यादा २८ मिलिमीटर येते आणि दुसरी बरोबर २०. त्यापुढे स्पॅन कितीही वाढवा, दुसरी २० वरच थांबते. १० मीटरला पहिली ४० होते, दुसरी तिथेच. अनेक रिपोर्टांत फक्त २५० ची ओळ तपासलेली असते. भिंत चिरते ती दुसऱ्या ओळीमुळे, कारण भिंत बांधायच्या आधी बीम किती वाकला याच्याशी भिंतीला देणंघेणं नसतं.

मग तपासायचं कसं? कोडच्या समितीने सोपी वाट दिली: झोल काढत बसू नका, स्पॅन आणि इफेक्टिव्ह डेप्थचं (दाबाच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतच्या उंचीचं) गुणोत्तर पाळा. कॅन्टिलिव्हरला (एकाच टोकाला धरलेल्या बीमला) ७, साध्या टेकणीच्या बीमला २०, कंटिन्युअसला (अनेक टेकण्यांवरून सलग जाणाऱ्याला) २६. हेच आकडे १९७२ च्या ब्रिटिश कोडमध्येही होते. त्यांना सळईच्या टक्केवारीवर आणि ताणावर ठरणारा गुणक लावायचा. हा निर्णय व्यवहारी होता, हे मान्यच करायला हवं. त्या काळी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या माणसाकडून प्रत्येक बीमच्या भेगा, क्रीप (कायमच्या भाराखाली काँक्रीटचं हळूहळू दबत जाणं) आणि श्रिंकेजचा (वाळताना आकसण्याचा) हिशेब मागणं शक्य नव्हतं. पण सोपी वाट एकदा मिळाली की अवघड वाट कोणी चालत नाही. सविस्तर हिशेबाचं परिशिष्ट कोडमध्येच आहे, ते उघडलेलं क्वचितच दिसतं.

गुणकाचा खेळ जवळून पाहण्यासारखा आहे. ४ मीटरचा साधा टेकलेला स्लॅब, सळई अर्धा टक्का. साध्या सळईला गुणक साधारण २ येतो, म्हणजे १०० मिलिमीटर डेप्थ पुरते. ४१५ ग्रेडच्या (४१५ मेगापास्कल ताकदीच्या) सळईला तो १.२ च्या आसपास, डेप्थ १६५. ५०० ग्रेडला जेमतेम १, म्हणजे थेट २००. प्रत्यक्षात वरच्या ग्रेडची सळई कमी लागते, त्यामुळे तफावत एवढी राहत नाही, पण राहते. आणि इथेच पळवाट आहे. गरजेपेक्षा जास्त सळई दाखवली की हिशेबातला ताण उतरतो, गुणक चढतो आणि पातळ स्लॅब कागदावर पास होतो. नियमाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. झोल थोडा कमी होतोही. पण जाडीने जो कडकपणा येतो, तो दोन सळया वाढवून येत नाही.

२००० च्या सुधारणेत काँक्रीटचा मॉड्युलस काढण्याचं सूत्र बदललं. ग्रेडच्या वर्गमुळाच्या ५७०० पट होतं, ते ५००० पट झालं. एम २० साठी (२० मेगापास्कल ताकदीच्या काँक्रीटसाठी) सुमारे २५,५०० वरून २२,३६० मेगापास्कल, म्हणजे १२ टक्के घट. काँक्रीट आपण समजत होतो तेवढं कडक नाही, अशी ही अधिकृत कबुलीच होती. तरीही ७, २० आणि २६ जसेच्या तसे राहिले. गुणोत्तरांत मुळातच पुरेशी ढील आहे, असं त्याचं समर्थन केलं जातं. ज्यांना भिंतींच्या चिरा पाहायला बोलावलं जातं, त्यांना ते फारसं पटत नाही.

नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत बदल झाले ते कोडपेक्षा साइटवर जास्त. कोड म्हणतो, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवस ठेवा, त्यापुढे २१. मजला आठवड्याभरात चढवायचा असला की टेकू काढून पुन्हा लावणं सुरू होतं आणि वरच्या ओल्या स्लॅबचं वजन खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतं. कोवळ्या काँक्रीटचा क्रीप जास्त: ७ दिवसांच्या वयाला भार दिला तर गुणांक (तात्काळ दबण्याच्या किती पट क्रीप) २.२, २८ दिवसांना १.६, वर्षाने १.१. हे आकडे कोडमध्येच छापलेले आहेत. ब्लॉकची भिंत चढते ती त्याच महिन्यात, आणि वरच्या थराची फट मिस्त्री मसाल्याने घट्ट भरून टाकतो. बीम पुढची काही वर्षं हळूहळू खाली येत राहतो, भिंतीवर बसतो आणि भिंत तिरकी चिरते. फट शेवटी, वरच्या मजल्यांचं काम झाल्यावर भरा, हे सांगितलं जातं, पण बिल आधी काढायचं असतं.

सॉफ्टवेअरने यात वेगळीच भर घातली. स्क्रीनवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा न चिरलेल्या पूर्ण सेक्शनचा आणि तात्काळ झोलाचा असतो. खरा दीर्घकालीन झोल त्याच्या तिप्पट-चौपटही भरू शकतो. नवखा इंजिनिअर ६ मिलिमीटर पाहून २५० शी ताडतो आणि पुढे जातो. पूर्वी हे खपून गेलं असतं. आता मोठ्या टाइल्स, काचेची पार्टिशनं आणि सरकत्या खिडक्या आल्या आहेत, आणि चौकटीच्या वरच्या बाजूला ५ मिलिमीटर कमी पडले तरी खिडकी अडकते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून ५ वर्षांत दिसलेला संरचनात्मक दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली. क्रीप आणि श्रिंकेजमुळे वाढणारा झोलही बहुतांशी याच मुदतीत दिसतो. तेव्हापासून वाद असा रंगतो: रहिवासी म्हणतात दोष, बिल्डर म्हणतो फिनिशिंगची चीर, कंत्राटदार डिझाइनकडे बोट दाखवतो, डिझायनर टेकूंच्या तारखा मागतो. आणि टेकू काढले त्या दिवशी बीमच्या तळाची लेव्हल घेतलेलीच नसते. त्यामुळे भिंत बांधण्याआधीचा वाक किती आणि नंतरचा किती, हे वेगळं काढायला कोणाकडेच कागद नसतो.