कोल्हापूरचा पत्ता: वॉर्ड, पेठ आणि तिकटी

समजा, एक पत्ता असा आहे: सि.स.नं. 1450, बी वॉर्ड, मंगळवार पेठ, मिरजकर तिकटीजवळ, कोल्हापूर 416012. या एका ओळीत पाच विभागण्या आहेत आणि त्या पाच वेगवेगळ्या कामांसाठी झाल्या आहेत. नंबर भूमापनाचा (सि.स.नं. म्हणजे सिटी सर्व्हे नंबर), पेठ संस्थानकाळाची, तिकटी, म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा, लोकांच्या तोंडची, पिनकोड 1972 च्या ऑगस्टपासूनचा टपालखात्याचा. वॉर्डाचे अक्षर मात्र आज मुख्यतः मिळकतीच्या कागदांतच जिवंत आहे. शहरातील वस्त्यांची यादी करायला बसणारा माणूस यांपैकी एकच विभागणी धरून चालू लागला की तिसऱ्या-चौथ्या गल्लीत हमखास अडखळतो.

कोल्हापूर मुळात एक गाव नव्हतेच. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर ही सहा जुनी वस्तीकेंद्रे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळापासूनची वस्ती उघडी पडली. उत्तरेश्वर आणि खोलखंडोबा ही नावे आजही पत्त्यात येतात. अंबाबाईच्या देवळाभोवतीची वस्ती वाढत या वाड्यांना मिळाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्याहून राजधानी इथे आल्यावर तटबंदीतले शहर आकाराला आले. तट गेला, वेशी गेल्या, नावे राहिली: गंगावेश, रंकाळावेश, वरुणतीर्थ वेश. बिंदू चौकाचा परिसर ही जुनी रविवार वेस. तिथे तटाचा तुकडा आणि बुरूज अजून पाहायला मिळतो. म्हणून "वेशीबाहेरचा" म्हटले की जुना माणूस गंगावेशीपलीकडचे समजतो. नव्या माणसाला गंगावेश म्हणजे शहराचा मध्य वाटतो.

तळ्यांचेही असेच. कपिलतीर्थाची भाजी मंडई झाली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी का तुंबते, याचे निम्मे उत्तर जुन्या नावातच आहे. तीर्थाच्या खोलगट जागेत भोवतालच्या उताराचे पाणी येणारच.

नगरपालिका 1854 ची. वॉर्डांची अक्षरे ढोबळमानाने अशी लागतात: ए म्हणजे शिवाजी पेठ, बी म्हणजे मंगळवार पेठ, सी म्हणजे सोमवार, रविवार पेठ आणि लक्ष्मीपुरीकडचा भाग, डी म्हणजे शुक्रवार, शनिवार आणि बुधवार पेठ. उरलेले सगळे ई. पेठेची आणि वॉर्डाची हद्द तंतोतंत जुळत नाही. कडेच्या गल्ल्यांत एकाच पेठेला दोन अक्षरे सापडतात. आणि ई वॉर्ड तर नावापुरताच वॉर्ड म्हणायचा. जयंती नाल्याच्या पूर्वेला शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क, सदर बाजार, थेट कसबा बावडा, सगळे ई. "ई वॉर्डात राहतो" या वाक्यातून काहीच कळत नाही.

याचे कारण सरळ आहे. पहिली चार अक्षरे वाटली गेली ती भरलेल्या, दाट गावावर. ई च्या वाट्याला मोकळे रान आले. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि स्टेशन या रानाच्या बाजूला झाले. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती व्यापारपेठ म्हणून, विशेषतः गुळासाठी. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत राजारामपुरी आखली गेली. जुन्या पेठांत गल्ली वळेल तशी वळते. इथे एक मुख्य रस्ता आणि त्याला फुटणाऱ्या ओळीने गल्ल्या, पहिली, दुसरी, तिसरी. शाहूपुरीतही गल्ल्यांना क्रमांकच. राजारामपुरी सातवी गल्ली सांगितली की बस्स, पुढे खुणेची गरज पडत नाही. शहराच्या बाकी भागात ही चैन नाही.

नंतरची वाढ शेतांवरून झाली आणि नावे शेतीतून आली. देवकर पाणंद: पाणंद म्हणजे दोन बांधांमधली गाडीवाट. विचारे माळ: माळ म्हणजे हलक्या जमिनीचा उंचवटा. हे शब्द अर्थासकट लक्षात ठेवावेत. जिथे पाणंद होती तिथे रस्ता अरुंद आणि वळणाचा निघतो, आणि मिळकतीला सि.स.नं. नसून रि.स.नं., म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर, असण्याची शक्यता जास्त. त्यापुढे "पैकी" आणि प्लॉट नंबर येतो. "पैकी" गाळले तर एका घराऐवजी अख्खे वावर हाती लागते.

सिटी सर्व्हे नंबराची दुसरी गोम अशी की तो प्रत्येक वॉर्डात नव्याने सुरू होतो. 1450 ए मध्येही आहे आणि बी मध्येही. अक्षर विसरलेले पार्सल शिवाजी पेठेऐवजी मंगळवार पेठेत फिरते. दस्तात म्हणूनच नंबर, वॉर्ड आणि चतुःसीमा तिन्ही लिहितात. घरफाळ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, पावतीवरचा नंबर वेगळा असू शकतो, तो सि.स.नं. म्हणून उतरवून घेऊ नये.

पण रोजच्या बोलण्यात यातले काहीच येत नाही. तिथे चालते ती तिकटी, चौक आणि तालीम. तिकट्या म्हणजे मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. तालीम हा तर इथला खरा मोहल्ला. कुस्तीसाठी लाल मातीचा हौदा, त्याच इमारतीत गणपतीचे मंडळ, बाहेर सूचनांचा फळा, आणि बऱ्याच ठिकाणी फुटबॉलचा संघ. पाटाकडील मंगळवार पेठेची, खंडोबा शिवाजी पेठेची, हे सामन्याच्या दिवशी नकाशाशिवाय कळते. तालमीची हद्द कुठल्या कागदावर नसते. कोणती गल्ली कोणत्या मंडळाला वर्गणी देते, हे विचारले की ती मिळते, आणि वॉर्डापेक्षा पक्की मिळते.

खुणेच्या नावांत दगाफटका मात्र भरपूर. शिवाजी पेठ, शिवाजी चौक, शिवाजी पार्क, शिवाजी उद्यमनगर, शिवाजी पूल, शिवाजी विद्यापीठ ही शहराच्या सहा वेगळ्या भागांतली ठिकाणे आहेत. शाहू आणि राजाराम या नावांचेही तेच. कुंभार गल्ली शाहूपुरीत आहे आणि गंगावेशीतही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी त्या टप्प्यात असताना नुसते "कुंभार गल्लीत पाणी" असे कळवणे म्हणजे मदत चुकीच्या टोकाला धाडणे. अशा नावापुढे पेठ किंवा पुरी लिहिल्याशिवाय नोंद पुरी धरू नये.

महापालिका 15 डिसेंबर 1972 रोजी झाली. कामकाजासाठी चार विभागीय कार्यालये आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट. निवडणुकीचे प्रभाग ही त्याहून निराळी गोष्ट. 2015 मध्ये 81 प्रभाग होते, प्रत्येकी एक नगरसेवक. आता जागा तितक्याच, पण प्रभाग 20. प्रभागरचना लोकसंख्येच्या हिशेबाने, जनगणनेचे गट जोडून होते. त्यामुळे रेषा गल्लीच्या मधूनही जाते. वस्त्यांच्या यादीत प्रभाग क्रमांक घातलाच, तर शेजारी निवडणुकीचे वर्ष घालावे.

शहराची हद्द मात्र महापालिका झाल्यापासून वाढलेली नाही: 66.82 चौरस किलोमीटर. हद्दवाढीवर वाद चालू राहिला आणि 2017 मध्ये भोवतालच्या 42 गावांसाठी विकास प्राधिकरण आले. आर. के. नगर, पाचगाव, उचगाव इथली माणसे पत्त्यात कोल्हापूरच लिहितात, केएमटीने, म्हणजे महापालिकेच्या बसने, शहरात येतात, पण घरफाळा ग्रामपंचायतीत भरतात. ओळखायचे कसे? पत्त्यात ए ते ई यांपैकी एकही अक्षर नसेल आणि गट नंबर किंवा ग्रामपंचायतीचा मिळकत नंबर असेल, तर घर बहुतेक हद्दीबाहेरचे.