प्रशालेच्या इमारतीला पैसा कुठून येतो? सरकारी हायस्कुलांच्या सुधारणेची पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावात जिल्हा परिषदेच्या प्रशालेवर केंद्राच्या ‘पीएम श्री’ योजनेची पाटी लागते, नवी प्रयोगशाळा येते, छपरावर सौर पॅनेल बसतात. दोन गल्ल्या पलीकडच्या अनुदानित विद्यालयात त्याच गावातली मुलं शिकतात, त्यांच्या शिक्षकांचा पगारही सरकारच देतं, तरी तिथल्या गळक्या वर्गासाठी या योजनेतून रुपयाही मिळत नाही. गावकरी याला राजकारण म्हणतात. पण निधीची ही वाटणी मुख्यतः एका जुन्या प्रश्नावर ठरते: इमारत कोणाच्या मालकीची? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर जिल्ह्यागणिक बदलतं, आणि ते का बदलतं हे कळायला एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जावं लागतं.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे ब्रिटिशांच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, अनुदानाची पद्धत आणली. शाळा खाजगी व्यवस्थापनाने चालवायची, सरकारने तपासणी करून मदत द्यायची. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने हा धागा पुढे नेला. सरकारने माध्यमिक शिक्षणातून हळूहळू अंग काढून घ्यावं, ते खाजगी संस्थांवर सोपवावं आणि स्वतःकडे जिल्ह्याला एखादं नमुनेदार हायस्कूल ठेवावं, असा त्याचा रोख होता. याच आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिलं. रयतेच्या कष्टातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातली प्राथमिक शिक्षणाची आबाळ तशीच राहते, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. सरकारी पैसा कोणत्या पोरापर्यंत पोचतो, हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने फार कमी वेळा विचारला गेला आहे.

अनुदानाच्या या धोरणामुळे पश्चिम महाराष्ट्रात संस्थांचं जाळं उभं राहिलं. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघालं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केलं. लोकवर्गणी, मूठभर धान्य आणि श्रमदान यांवर कित्येक गावांत वर्ग उभे राहिले. त्यामुळे सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात गावचं हायस्कूल बहुधा संस्थेचं असतं. जागा संस्थेची, इमारत संस्थेची, पगार सरकारचा.

मराठवाड्यात वेगळंच घडलं. निजामाच्या राज्यात सरकारी माध्यमिक शाळांचं माध्यम उर्दू होतं आणि खाजगी शाळांवर निर्बंध होते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी, औरंगाबादचं सरस्वती भुवन अशा शाळा उभ्या राहिल्या त्या या निर्बंधांना तोंड देत, म्हणून त्यांची संख्या थोडीच राहिली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला. तोवर इथलं तालुक्याचं हायस्कूल म्हणजे सरकारी हायस्कूल, असंच समीकरण होतं. विदर्भातही मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या प्रशासनाने उघडलेली सरकारी हायस्कुलं होती.

१९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेलंच, सोबत या दोन विभागांतली पुष्कळ सरकारी हायस्कुलंही गेली. पाट्यांवर हा इतिहास अजून वाचता येतो. मराठवाड्यात ‘जिल्हा परिषद प्रशाला’ हे नाव दिसतं, विदर्भात ‘जि. प. माजी शासकीय’. नांदेडच्या ‘मल्टिपर्पज’ हायस्कुलाच्या नावात १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाची बहुउद्देशीय शाळेची कल्पना टिकून आहे. तंत्र, शेती, वाणिज्य असे प्रवाह एकाच शाळेत असावेत, असं त्या आयोगाचं म्हणणं होतं. चंद्रपूरचं ज्युबिली हायस्कूलही आज जिल्हा परिषदेचंच आहे.

हस्तांतरात इमारत आली, मैदान आलं, देखभालीची पुरेशी तरतूद मात्र आली नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षणविषयक कामाचा कणा प्राथमिक शाळा. शेकडो प्राथमिक शाळांच्या यादीत मोजक्या प्रशाला मागे पडत गेल्या. त्यातच १९७५ पासून दहावीचा नवा आकृतिबंध लागू झाला आणि अकरावी-बारावी वेगळी निघाली. जिथे कनिष्ठ महाविद्यालय जोडलं गेलं, तिथे त्याच खोल्यांवर जास्त भार पडला.

राष्ट्रीय धोरणांचा मोठा पैसाही बराच काळ माध्यमिक शाळांना वळसा घालून गेला. १९८६ च्या धोरणानंतरची खडू-फळा मोहीम प्राथमिक शाळांसाठी होती: किमान दोन खोल्या, दोन शिक्षक. नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये हरियाणातल्या झज्जर आणि आपल्या अमरावतीपासून झाली, पण ती निवडक मुलांची निवासी शाळा. २००१ चं सर्व शिक्षा अभियान आठवीला थांबलं, २००९ चा शिक्षणहक्क कायदाही तिथेच थांबतो. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, रॅम्प, मैदान, कुंपण असं सगळं लिहिलेलं आहे. नववी-दहावीच्या वर्गांना ते बंधन म्हणून लागू होत नाही. पाचवी ते दहावीच्या प्रशालेत यातून एक विचित्र दृश्य दिसू लागलं. एका बाजूला सर्व शिक्षा अभियानाच्या नव्या खोल्या, दुसऱ्या बाजूला दहावीचा वर्ग जुन्या कौलांखाली.

२००९ मध्ये राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आलं आणि पहिल्यांदा हायस्कुलासाठी केंद्राचा वेगळा बांधकाम निधी मिळाला. उद्दिष्ट होतं ५ किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा. केंद्र-राज्य वाटा आधी ७५:२५ होता, २०१५ नंतर ६०:४०. शाळेला वर्षाला ५० हजारांचं अनुदान आणि किरकोळ दुरुस्तीला २५ हजार. बांधकामाचा पैसा मात्र फक्त सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना. २०१३ मध्ये अनुदानित शाळा या अभियानात घेतल्या गेल्या, पण इमारत आणि मूळ शिक्षकांचे पगार वगळूनच. ज्या राज्यात बहुतांश हायस्कुलं खाजगी अनुदानित आहेत, तिथे या एका अटीने बहुतांश मुलं इमारतीच्या निधीबाहेर राहिली. खाजगी मालमत्तेवर सरकारने बांधकाम करू नये, हे तत्त्व म्हणून पटतं. पण हंटरपासून त्या संस्थांच्या भरवशावर सरकारने स्वतःची शाळा उघडली नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि त्याची भरपाई कोणत्याही योजनेने केलेली नाही.

२०१८-१९ मध्ये सगळी अभियानं समग्र शिक्षात विलीन झाली. वार्षिक अनुदान पटावर ठरू लागलं: ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार, त्यापुढे १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. ४०० पटाच्या प्रशालेचा हिशेब करून पाहा. ७५ हजार म्हणजे महिन्याला ६,२५० रुपये. त्यात वीज, खडू, कागद, प्रयोगशाळेची रसायनं, पाण्याची मोटर आणि तुटलेली कडी. २००९ च्या अभियानात दोन्ही अनुदानं मिळून ७५ हजारच होती. दीड दशकात सिमेंट, मजुरी, वीज सगळं महागलं, रक्कम जिथल्या तिथे. २५० च्या आतल्या प्रशालेची तर घटली.

सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेली पीएम श्री योजना या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. देशभरात १४,५०० शाळा, २०२२-२३ ते २०२६-२७ अशी ५ वर्षं, २७,३६० कोटी रुपये. शाळेमागे सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख. एका तालुक्यातून जास्तीत जास्त दोन शाळा, एक प्राथमिक स्तराची आणि एक माध्यमिक. पात्रतेसाठी यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीकोशातली माहिती पाहिली जाते: पक्की सुस्थितीतली इमारत, रॅम्प, मुलामुलींची स्वच्छतागृहं, पाणी, वीज. यात एक मोठी अडचण आहे. जिथे छत धोकादायक आहे ती शाळा पहिल्याच चाळणीत गळते. ज्या शाळेची घडी बसलेली आहे तिला आणखी सजवणारी ही योजना आहे. मोडकळीला आलेल्या प्रशालेला बहुधा जिल्हा वार्षिक योजनेचाच दरवाजा उरतो.

त्या दरवाजापर्यंतची वाट अशी असते. शाळा व्यवस्थापन व विकास समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, शिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस. मग बांधकाम विभागाचा शाखा अभियंता येऊन मोजमाप घेतो आणि चालू दरसूचीवर अंदाजपत्रक करतो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम होत जाईल तशा मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, शेवटी पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र. जुनी इमारत पाडायची असेल तर आधी तिचं निर्लेखन, म्हणजे ती वापरातून बाद ठरवणं, मंजूर व्हावं लागतं, आणि बरेच प्रस्ताव इथेच कुजतात. निर्लेखनाशिवाय पाडता येत नाही, आणि मोक्याची जागा जुन्या इमारतीने अडवल्यामुळे नवी खोली मैदानात सरकते. दुसरी गाठ जागेच्या कागदाची. निजामकाळातल्या शाळेची जमीन आजही सातबाऱ्यावर दुसऱ्याच खात्याच्या नावे निघते आणि ती फिरवून घेतल्याशिवाय मान्यता मिळत नाही.

कागद पुरे झाले तरी वेळेचं गणित उरतं. निधी बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतो, निविदेला एप्रिल-मे जातो, कौलं उतरवायची वेळ जूनमध्ये येते, म्हणजे शाळा आणि पाऊस सोबतच. जिल्हा परिषदेला हा निधी खर्चायला पुढच्या वर्षाचा मार्च मिळतो, त्यामुळे घाई टाळून छताचं काम दिवाळीनंतर धरणं शक्य असतं. चांगला मुख्याध्यापक ते लेखी मागून घेतो.

दुरुस्तीत चुका ठरलेल्या असतात. स्लॅब गळला की जुन्या विटांच्या कोब्यावर नवा कोबा टाकतात. ४ इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो. ५० चौरस मीटरच्या वर्गावर त्यामुळे १० टनांचा जादा भार येतो आणि गळती तर पन्हाळीचं तोंड तुंबल्याने होत असते. खालून पोपडे सुटलेले दिसले की गिलावा आणि रंग. आतली सळई गंजून फुगलेली असते, काँक्रीट तिने ढकललेलं असतं. सुटा भाग फोडून, सळई घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने भरलं नाही तर दोन पावसाळ्यांत तेच पोपडे मुलांच्या बाकांवर पडतात. अंदाजपत्रक तपासताना पाहायची बाब म्हणूनच ‘रंगकाम’ ही नव्हे. सळईची दुरुस्ती आणि पन्हाळी वेगळ्या बाबी म्हणून लिहिल्या आहेत का, ते पाहावं.

विजेचंही तसंच. २० संगणक म्हणजे सुमारे ३ किलोवॉट, त्यात पंखे आणि डिजिटल फळा धरला तर ५. जुनं सिंगल फेज कनेक्शन आणि बारीक वायर तेवढा भार सोसत नाही. विद्युतीकरण बांधकामापासून वेगळं काढलेलं असतं, म्हणून खोली तयार आणि मीटरचा भार जुनाच, असं होतं. आयसीटी या संगणकशिक्षणाच्या योजनेत हजारो शाळांना ५ वर्षांच्या करारावर संगणककक्ष मिळाले. करार संपला तसे निदेशक गेले, बॅटऱ्या त्याआधीच बसल्या होत्या, आणि नव्या बॅटऱ्यांसाठी कुठलंही लेखाशीर्ष नव्हतं.

स्वच्छ विद्यालय मोहिमेने १५ ऑगस्ट २०१५ पर्यंत प्रत्येक सरकारी शाळेत मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं बांधायचं ठरवलं. तिचं प्रमाण होतं ४० मुलांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या. खोल्या बांधल्या गेल्या. टाकीपर्यंत पाणी नेणारी मोटर आणि रोज साफ करणारा माणूस त्या आकड्यांत धरलेला नव्हता. नववी-दहावीच्या मुलींसाठी याचा अर्थ महिन्यातले काही दिवस घरी राहणं असा होतो. ४०० पटाच्या प्रशालेला स्वच्छतेचा किमान वाटा वर्षाला ७,५०० रुपये, महिन्याला ६२५. एवढ्यात सफाई कामगार मिळत नाही, म्हणून ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून तो द्यावा असा ठराव ग्रामसभेत करून घेणं, हाच आज हाती असलेला खात्रीचा मार्ग आहे.