लक्ष लागत नाही? मग टेबलावरून उठा

अभ्यासाला बसलं की झोप येते, अशी एका विद्यार्थिनीची तक्रार होती. इस्राएल गोल्डायमंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तिला चिकाटीवर व्याख्यान दिलं नाही. टेबलावरचा मंद दिवा बदलायला लावला आणि टेबल असं फिरवायला सांगितलं, की पलंग समोर दिसणार नाही. पुढची अट मात्र विचित्र होती. त्या टेबलाशी बसून फक्त अभ्यास करायचा. पत्र लिहायचंय? दुसऱ्या खोलीत जा. दिवास्वप्नं पाहायचीत? खुशाल पाहा, पण तिथून उठून. पहिल्या आठवड्यात ती टेबलाशी जेमतेम १० मिनिटं बसली आणि खट्टू झाली. गोल्डायमंडना मात्र तेवढं पुरेसं वाटलं, कारण त्या १० मिनिटांत तिने अभ्यासच केला होता. शैक्षणिक सत्र संपता संपता ती रोज ३ तास बसू लागली.

१९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही हकिगत एकाच मुलीची आहे, त्यावरून नियम बांधता येत नाही. पण यामागचं तत्त्व पुढे दुसरीकडे चांगलंच उपयोगी पडलं. १९७२ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी ते निद्रानाशासाठी वापरलं: झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळू नका, उठा. ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचारांत आहे. ज्या जागी आपण जे वारंवार करतो, त्याची त्या जागेशी गाठ बसते. पुढे नुसती ती जागा दिसली तरी तेच करावंसं वाटतं. ज्या खुर्चीत रोज दोन तास मोबाइल चाळला, तिथे पुस्तक उघडलं तरी हात मोबाइलकडेच जाणार. चालढकल करणारा माणूस बहुधा कामापेक्षा त्या कामाने येणाऱ्या कंटाळ्यापासून, धास्तीपासून पळत असतो. अशा वेळी पळवाट हाताशी असली, की संपलंच.

म्हणून अभ्यासाची जागा निवडताना खिडकीतून काय दिसतं, खुर्ची किती महाग आहे, याला माझ्या मते फार किंमत देऊ नये. आवाजाचं मात्र बघावं, त्यातही बोलण्याचं. पंख्याची एकसुरी घरघर सहसा चालून जाते. शेजारच्या गप्पा कामात घुसतात. कॉली आणि वेल्श यांच्या १९७६ च्या प्रयोगात तर न कळणाऱ्या परक्या भाषेतलं बोलणं कानावर पडत असतानाही लोकांना अक्षरं क्रमाने आठवणं जड गेलं.

मग आजूबाजूला माणसं असावीत की नसावीत? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्येच या प्रश्नावरचे जुने प्रयोग एकत्र तपासले. त्यांच्या मते इतरांच्या उपस्थितीत सरावाचं काम सुधारतं आणि नवं, अवघड काम बिघडतं. हिशेब जुळवणं, टिपणं उतरवून काढणं अशी हात बसलेली कामं वाचनालयाच्या भरल्या दालनात नेता येतील. पहिल्यांदाच समजून घ्यायचं प्रकरण असेल, तर एकांतातला कोपरा बरा.