ऋतुप्राप्तीचे वय : नागपुरातील शाळकरी मुली

मुलीला पहिली पाळी येणे म्हणजे ऋतुप्राप्ती. ग्रंथांत रजोदर्शन, बोलीत न्हाण येणे, पदर येणे, वयात येणे. भारतात ती बहुधा 12 ते 14 या वर्षांत होते. 10 व्या किंवा 15 व्या वर्षी झाली तरी तेवढ्यावरून दोष मानण्याचे कारण नाही. स्तनवाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते.

सुश्रुतसंहितेत रजःस्रावाची मर्यादा बारापासून पन्नास वर्षांपर्यंत सांगितली आहे. या ग्रंथाचा काळ विवाद्य आहे. ‘द्वादशात्’ या शब्दाचा अर्थ बारावे लागल्यापासून किंवा बारा पूर्ण झाल्यानंतर असा दोन्ही प्रकारे लावता येतो. दुसरा अधिक पटतो.

हीच अडचण आजच्या पाहणीतही येते. ‘तेरावं लागलं होतं’ म्हणणाऱ्या मुलीची बाराच वर्षे पूर्ण झालेली असतात. प्रश्नावलीत 13 लिहिले गेले, की तिचे वय वर्षभराने फुगते. तारीख क्वचितच आठवते, सण मात्र आठवतो. ‘सहावीत होते, मारबत निघाली त्या दिवशी’ असे उत्तर मिळाले तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसावरून तारीख काढता येते. नागपुरात याहून भरवशाची खूण शोधून सापडणार नाही. स्मरणावर विसंबायचे नसल्यास प्रत्येक मुलीचे आजचे वय आणि पाळी आली की नाही एवढेच विचारतात आणि निम्म्या मुलींना पाळी आलेली असते ते वय गणिताने काढतात. ही पद्धत अधिक विश्वासार्ह आहे. शाळा सुटलेल्या मुली मात्र दोन्हींतून निसटतात.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या या शहरात ‘उन्हानं पाळी लवकर येते’ हा समज पक्का आहे. तो स्थानिक नाही. उष्ण देशांत मुली आठ-दहा वर्षांच्या असतानाच विवाहयोग्य होतात, असे फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी 18 व्या शतकात लिहिले होते. मँचेस्टरचे शल्यविशारद जॉन रॉबर्टन यांनी 19 व्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक देशांतील नोंदी जमवून त्याला हरकत घेतली. रॉबर्टन यांची बाजू सबळ दिसते. नॉर्वेत 19 व्या शतकाच्या मध्यास हे वय 16 किंवा त्याहून अधिक असावे (मुलांच्या वाढीचे अभ्यासक टॅनर यांनी उत्तर युरोपसाठी धरलेला 17 चा आकडा पुढे फुगवलेला मानला गेला); आज ते 13 च्या आसपास आहे. थंडी तीच राहिली, बदलले ते अन्न, आजारपण आणि राहणीमान. लेकीला तीळ, गूळ, अंडी ‘उष्ण’ म्हणून नाकारणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे. वाढीच्या वयात तिला त्यांची गरज असते.

आईला पहिली पाळी कोणत्या वयात आली, यावरून मुलीचा चांगला अंदाज बांधता येतो. आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास धरतात. उरलेल्यात पोषण मोठे. अमेरिकी संशोधक फ्रिश व रेव्हेल यांनी 1970 मध्ये पाळी सुरू होण्यासाठी सुमारे 47 किलो वजनाचा उंबरठा सुचवला. तो नेमका आकडा टिकला नाही. पण 1994 मध्ये चरबीत तयार होणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यावर चरबीचा साठा मेंदूपर्यंत कसा कळवला जातो, हे स्पष्ट होऊ लागले. देशव्यापी पाहणीत 1955–64 मध्ये जन्मलेल्या स्त्रियांची सरासरी सुमारे 13.8, तर 1985–89 मध्ये जन्मलेल्यांची 13.6 वर्षे आढळली. म्हणजे घट मंद आहे.

विदर्भापुरते एक कारण वेगळे नोंदवले पाहिजे : सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना विळ्याचा आकार देणारा आनुवंशिक आजार. जमैकातील दीर्घ पाहणीत या आजाराच्या (एसएस) मुलींना पाळी सुमारे दोन वर्षे उशिरा आली. भारतीय रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिन (गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन, जे पुढेही टिकले तर आजार सौम्य राहतो) बहुधा जास्त असते, म्हणून तेच अंतर इथे जसेच्या तसे लावू नये. वाहक (एएस) मुलींत असा उशीर अपेक्षित नाही. वारंवार अंग दुखणारी, वर्गात सर्वांत बारीक दिसणारी मुलगी नववीतही न्हाती झाली नसेल, तर ‘येईल हळूहळू’ म्हणून थांबण्यापेक्षा तिचे रक्त तपासून घ्यावे. 15 पूर्ण होऊनही पाळी आली नाही किंवा 8 च्या आत स्तनवाढ दिसली, तर डॉक्टरांना दाखवावेच.