गरम इंजिन पुन्हा चालू होत नसेल तर : स्पोर्ट्स कारच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होणारी गाडी जोरदार फेरीनंतर थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू होत नाही आणि तासाभराने मात्र विनातक्रार चालू होते, अशी तक्रार घेऊन अनेक ग्राहक आमच्याकडे येतात. गाडी आमच्यापर्यंत पोहोचते तोवर ती गार झालेली असते आणि दोष दडून बसतो. त्यामुळे इंजिन अडले त्या वेळी आपण काय पाहिले आणि काय ऐकले, याला निदानात आमच्या उपकरणांइतकेच महत्त्व आहे.

इंजिन बंद करताच ते गार होऊ लागते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांत कूलंटचे अभिसरण आणि वाहत्या हवेचा झोत हे दोन्ही एकदम थांबतात, तर एक्झॉस्टमध्ये आणि टर्बोमध्ये साठलेली उष्णता आजूबाजूच्या भागांत शिरत राहते. म्हणून इंजिन बंद केल्यानंतरची पहिली दहा ते वीस मिनिटे स्टार्टर, इंधनाच्या नळ्या आणि सेन्सर हे गाडी धावताना असतात त्याहूनही अधिक तापू शकतात. इंजिन मध्यभागी किंवा मागे बसवलेल्या गाड्यांत जागा अपुरी असल्यामुळे हा त्रास अधिक जाणवतो. बंद केल्यावर दोन मिनिटांनी चालू होणारी गाडी पंधरा मिनिटांनी मात्र अडते, की ती बंद करताच लगेच अडते, हे आपण आवर्जून लक्षात ठेवावे.

सर्वांत आधी पाहायचे ते सेल्फ फिरतो की नाही. नुसता ‘टक’ असा आवाज येत असेल किंवा इंजिन जड फिरत असेल, तर शोध बॅटरी, केबल, अर्थिंग आणि स्टार्टर यांपुरता मर्यादित राहतो. तांब्याचे तापमान शंभर अंश सेल्सिअसने वाढले की त्याचा विद्युतरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे एक्झॉस्टलगत बसवलेल्या जुन्या स्टार्टरला थंडीत पुरणारा प्रवाह उष्णतेत कमी पडतो. मात्र केवळ एवढ्यावरून स्टार्टर बदलणे आम्हाला मान्य नाही. सेल्फ मारत असतानाच बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेज, तसेच धन केबलमध्ये आणि अर्थिंगमध्ये होणारी घट आम्ही मोजतो. धन केबलमध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक घट आढळली, तर गंजलेला जोड साफ करून किंवा केबल बदलून काम भागण्याची शक्यता मोठी असते.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा प्रकरण अधिक नाजूक असते, कारण अशा वेळी स्पार्क तरी नसतो, इंधन तरी नसते किंवा इंधन गरजेपेक्षा जास्त झालेले असते. सेल्फ मारताना टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाच्या, काट्याकडे पाहावे. काटा एरवी थोडा हलत असेल आणि आता जागचा हलत नसेल, तर इंजिनाच्या दांड्याचे फिरणे ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. या सेन्सरच्या एका प्रकारात बारीक तारेचे वेटोळे असते. ते तापल्यावर आतून तुटल्यासारखे होते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. दुसऱ्या, चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या हॉल प्रकारच्या सेन्सरची परीक्षा ओहममीटरने होत नाही. त्याचा संकेत ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेताचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर), तोही इंजिन तापलेले असतानाच, पाहावा लागतो.

चावी फिरवल्यावर बऱ्याच गाड्यांत इंधन पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. ती नेहमी येत असून आता येत नसेल, तर पंप किंवा त्याचा रिले (पंपाचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा विद्युत स्विच) तपासावा लागतो. रिलेमधील तडकलेला सोल्डर जोड तापल्यावर सुटतो आणि थंड झाल्यावर जुळतो. पंप चालूनही इंजिन पेटत नसेल, तर नळीतील उरलेला दाब मोजणे आवश्यक ठरते. दाब टिकला नाही की तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत द्रव इंधनाऐवजी बुडबुडे पोहोचतात. बॉश कंपनीच्या के-जेट्रॉनिक या यांत्रिक इंधन-इंजेक्शन पद्धतीच्या जुन्या गाड्यांत हा दाब टिकवण्यासाठी इंधन दाबाखाली साठवणारा स्वतंत्र अ‍ॅक्युम्युलेटर असतो. तो निकामी झाला की नेमका हाच दोष उद्भवतो.

पेट्रोलचा वास येत असेल, तर गळका इंजेक्टर किंवा प्रत्यक्षापेक्षा थंड तापमान दाखवणारा कूलंट सेन्सर यांमुळे इंजिन फ्लड झालेले, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्तीचे इंधन साचलेले, असू शकते. अशा वेळी अनेक इंजेक्शन गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला असता संगणक इंधन तोडतो आणि सिलिंडर मोकळे होतात. या उपायाने गाडी चालू झाली, तर ते आम्हाला अवश्य सांगावे, कारण तेवढ्यावरून आमचे बरेचसे काम वाचते. मात्र वास तीव्र असेल किंवा बाहेर गळती दिसत असेल, तर सेल्फ मारू नये आणि गाडीपासून दूर उभे राहावे.

सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान मिनिटभर विश्रांती द्यावी. तापलेल्या स्टार्टरवर पाणी ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण लगतचा तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकण्याचा धोका असल्याने आम्ही त्याच्या विरोधात आहोत. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. गाडी आमच्याकडे आणण्यापूर्वी बॅटरीची तार काढू नये, कारण अनेक गाड्यांत त्यामुळे साठवलेले दोषसंकेत पुसले जातात. तसेच गाडी ठेवून जाण्याची तयारी ठेवावी, म्हणजे ती पुरेशी तापवून, मापनयंत्रे जोडलेल्या अवस्थेत, दोष आमच्या समोर घडवून आणता येईल.