धांड्याची व मातीची खेळणी (मराठवाडा)

ज्वारीचा वाळलेला धांडा (ताट), माती, चिंचोके, गजगे (सागरगोट्याच्या बिया), चिंध्या, काड्या अशा विकत न घेतलेल्या वस्तूंपासून मुलांनी स्वतः केलेली वा त्यांच्यासाठी घरी केलेली खेळणी. यांना ठरलेला उपयोग नसतो. एकच चिंचोका सकाळी बैल असतो, दुपारी भातुकलीतला पाहुणा. सोंगट्या किंवा विटीदांडूसारखे नियमबद्ध खेळ या नोंदीत घेतलेले नाहीत.

या परंपरेच्या प्राचीनत्वाविषयी मतभेद आहेत. तेर (जि. धाराशिव, प्राचीन तगर), पैठण आणि भोकरदन (जि. जालना) येथील उत्खननांत सातवाहनकालीन थरांतून पक्व मातीच्या मानवी व प्राण्यांच्या आकृती मिळाल्या. तेर येथील पांढऱ्या केओलिन मातीच्या आकृती विशेष प्रसिद्ध असून त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पहिले ते तिसरे शतक असा धरतात. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. त्यांतील बऱ्याच आकृती दोन साच्यांतून काढलेल्या, आतून पोकळ आहेत. हे तंत्र रोमन व्यापारसंपर्कातून आले, असे काही अभ्यासक मानतात. इतरांना त्यात स्थानिक कारागिरीचा विकास दिसतो. दोन्ही मतांत तथ्य असावे, पण साच्याच्या उगमावरून वस्तूचा उपयोग ठरत नाही.

उपयोगाचा प्रश्न अधिक अवघड आहे. चाके बसवण्याजोग्या प्राण्यांना खेळणी आणि स्त्रीआकृतींना मातृदेवता म्हणण्याची उत्खनन-अहवालांतील प्रथा सोयीची आहे, पण निर्णायक नाही. या संदर्भात मराठवाड्याच्या सीमेपलीकडील दायमाबादचे (जि. अहिल्यानगर) उदाहरण नेहमी दिले जाते. प्रवरेकाठच्या या स्थळी १९७४ मध्ये बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार धातुमूर्ती सापडल्या. त्या उत्तर-हडप्पाकालीन (सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातील) असल्याचे उत्खनकांचे मत असले, तरी धातूच्या घटकांवरून त्यावर शंका घेतली गेली आहे. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक भरते. चाके असली तरी असे खेळणे कोणते मूल ओढणार? ते मिरवणुकीचे वा पूजेचे असणे अधिक संभवते. तेरच्या वीतभर आकृतींबाबत मात्र इतके ठामपणे बोलता येत नाही. आजच्या पोळ्याचा दाखला येथे उपयोगी पडतो. श्रावण अमावास्येला मातीचे बैल देवापुढे मांडून त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात आणि पूजा उरकली की अनेक घरांत तेच बैल मुलांच्या हाती जातात. संक्रांतीच्या सुगडांचेही तसेच. सण झाल्यावर ती भातुकलीच्या चुलीवर चढतात. म्हणजे पूजावस्तू आणि खेळणे ही एकाच वस्तूची दोन वये असू शकतात.

मातीकामात मराठवाड्याची काळी जमीन फारशी साथ देत नाही. ती भिजली की फुगते आणि वाळताना आकसून तडकते. म्हणून मुले ओढ्याकाठचा किंवा तळ्यातला गाळ आणून त्यात राख अथवा शेण मळतात. बैलाच्या शिंगांना काड्या किंवा बाभळीचे काटे लावतात. ही खेळणी भाजत नाहीत. उन्हात वाळवतात आणि पुढच्या पावसात ती विरघळून जातात. त्यामुळे त्यांचे जुने नमुने हाती लागत नाहीत.

धांड्याची बैलगाडी हा यांतील सर्वांत कौशल्याचा प्रकार. रब्बी ज्वारी (शाळू) निघाल्यावर, साधारण फाल्गुन-चैत्रात, कडब्यातून सरळ, किडीने न पोखरलेला धांडा निवडतात. पेरावर तोडून दातांनी वा नखाने साल सोलली की आतले हलके, पांढरे भेंड मोकळे होते. भेंडाचे तुकडे हे सांधे आणि सालीच्या टोकदार काड्या हे खिळे, एवढ्यावर सारी रचना उभी राहते. साटा (गाडीचा वरचा सांगाडा), जू व दांडी अशा काड्यांनी भेंडात रोवतात. चाकासाठी सालीची पट्टी वर्तुळात वाकवून तिची टोके भेंडात खुपसतात. ना सुतळी लागते, ना गोंद. सालीची कड धारदार असल्याने बोट हमखास कापते. याच रीतीने चष्मा व खाटही करतात. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिव भागात शेतात कडब्याची कोपी (खोपटे) उभारून पूजा करतात. तिची लहान नक्कल मुलांच्या खेळात येते.

चिंध्यांच्या बाहुल्या आणि त्यांची लग्ने राज्यभर सारखीच असल्याने त्यांची वेगळी चर्चा येथे केलेली नाही.

शिक्षणक्षेत्रात अशा साहित्याचा जाणीवपूर्वक वापर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड (जि. पालघर) येथे केला. खडे, पाने, बिया हेच तेथील बालवाडीचे साधन होते. मराठवाड्यात सोयाबीनचा पेरा वाढून ज्वारीचे क्षेत्र घटल्याने धांडाच दुर्मिळ होत चालला आहे. सोयाबीनचे काड मळणीत भुसा होऊन बाहेर पडते आणि तुराटी व पऱ्हाटी (तूर व कापसाची वाळलेली झाडे) कठीण असल्याने मुलांच्या दातांनी सोलता येत नाही.