शेगावची केसगळती आणि सेलेनियमचा जुना माग

2024 चा डिसेंबर सरत होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा या गावांमधून एकसारख्या तक्रारी येऊ लागल्या. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस राठ व्हायचे आणि दोन-तीन दिवसांत चिमटीत धरलेला झुबका न दुखता हातात यायचा. बायका, पुरुष, शाळकरी पोरं, म्हातारी माणसं, कुणीच सुटलं नाही. जानेवारीत बातमी सगळीकडे पसरली. पुढे 18 गावांतल्या 279 जणांची नोंद झाली. कॉलेजातल्या मुलींनी डोक्याला रुमाल बांधून घरी बसणं पसंत केलं, जुळत आलेली लग्नं अडली. काही ठिकाणी तर या प्रकाराला ‘टक्कल व्हायरस’ असं नावही देऊन झालं होतं. विषाणूचा पुरावा काडीचाही नव्हता. एका नावानं गावोगावच्या माणसांना वाळीत टाकल्यासारखं करता येतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिला संशय पाण्यावर गेला आणि तो स्वाभाविक होता. शेगावचा भाग पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात बोअरचं पाणी खारट लागतं, भांड्यांवर पांढरी पुटं चढतात. मूतखडा झाला की पाण्याला दोष द्यायचा, ही इथली जुनी सवय आहे आणि ती बिनबुडाची नाही. नमुने तपासले तेव्हा क्षार जास्त निघाले, नायट्रेटही जास्त निघालं. पण ते पाणी लोक वर्षानुवर्षं पीत आले होते. केस मात्र याच डिसेंबरात गळले. मग बुरशीचा संशय आला, शाम्पूचा आला. शाम्पू कधी डोक्याला न लावलेल्या माणसांचेही केस गेले होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं पथक येऊन रक्ताचे, लघवीचे, केसांचे, पाण्याचे, मातीचे नमुने घेऊन गेलं.

खरं तर केस किती दिवसांत गळले, यातच कारणाची अर्धी दिशा होती. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले 85 ते 90 टक्के कुठल्याही क्षणी वाढत असतात आणि उरलेले विश्रांतीत असतात. विश्रांतीतला केस तीनेक महिन्यांनी आपोआप सुटतो, म्हणून रोज 50 ते 100 केस जाणं हे रोजचंच. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन अशा धक्क्यानंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात, पण ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. बाई डॉक्टरकडे येते तोवर ताप विस्मरणात गेलेला असतो आणि खापर नव्या तेलावर फुटतं. वाढता केसच जागच्या जागी मोडून पडावा, तोही काही दिवसांत, असं घडायला मुळाशी थेट विषारी मारा व्हावा लागतो. कॅन्सरच्या किमोथेरपीत तो होतो, थॅलियम या विषारी धातूच्या बाधेत होतो आणि सेलेनियम या मूलद्रव्याच्याही.

त्वचारोगतज्ज्ञ हा फरक अगदी साध्या पद्धतीनं पाहतात. अंगठा आणि बोटांमध्ये पन्नास-साठ केसांची बट धरून मुळापासून टोकाकडे हलकेच ओढायची. पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. मग त्या केसाचं मूळ भिंगाखाली धरायचं. विश्रांतीतल्या केसाच्या टोकाला पांढरा, गोलसर गठ्ठा दिसतो, गदेसारखा. विषाच्या माऱ्यानं तुटलेल्या केसाचं टोक पेन्सिल तासल्यासारखं निमुळतं असतं. दोन मिनिटांचं काम आहे. मला वाटतं केसांसाठी हजारो रुपये मोजणाऱ्या प्रत्येकानं निदान एवढं तरी आधी करून घ्यावं.

बुलढाण्याच्या या कोड्यात गव्हाकडे बोट दाखवलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. महाडसारख्या ठिकाणी राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करणारे, 2022 मध्ये पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर कोकणात जगजाहीर आहेत. रोग्याच्या उशाशी बसून शोध घेण्याची त्यांची पद्धत जुनीच. ते गावांत गेले, सरपंचांच्या घरचा आणि रेशनचा गहू तपासायला पाठवला. त्यांच्या निष्कर्षानुसार पंजाबहून आलेल्या रेशनच्या गव्हात किलोमागे सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम होतं. धुतल्यावरही ते फारसं कमी झालं नाही, म्हणजे ते दाण्यावर चिकटलेलं नव्हतं, दाण्याच्या आत होतं. रोग्यांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढलेलं त्यांनी नोंदवलं.

आता हा हिशेब ताटावर मांडून पाहू. रानात राबणारा माणूस दिवसाला साडेतीनशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या सहज खातो. साडेचौदा मिलिग्रॅमच्या हिशेबानं त्याच्या पोटात रोज पाच मिलिग्रॅम सेलेनियम गेलं. प्रौढ माणसाची गरज आहे 55 मायक्रोग्रॅमची, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या अठराव्या हिश्शाची. अमेरिकेत रोजची सुरक्षित कमाल मर्यादा 400 मायक्रोग्रॅम धरतात. पाच मिलिग्रॅम म्हणजे तिच्या बारापटीहून अधिक. हा पाचाचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे चीनमध्ये पुन्हा भेटणार आहे.

सेलेनियम स्वीडनच्या बर्झेलियसनं 1817 मध्ये शोधलं आणि ग्रीक भाषेतल्या चंद्राचं नाव त्याला दिलं. कोंड्याच्या शाम्पूत सेलेनियम सल्फाइड असतं, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि कातडीतून आत जवळजवळ जात नाही, त्यामुळे त्या बाटलीची भीती बाळगायचं कारण नाही. सेलेनियमची शरीराला गरज असते हे 1957 मध्ये कळलं. त्याचं विष मात्र माणूस त्याआधी कितीतरी शतकं पाहत आला होता, जनावरांच्या अंगावर. तेराव्या शतकात मार्को पोलोनं चीनच्या एका डोंगराळ भागातल्या वनस्पतीबद्दल लिहून ठेवलं आहे, की ती खाल्ल्यावर जनावरांचे खूर गळतात. आज अनेक अभ्यासक ही सेलेनियमच्या विषबाधेची पहिली नोंद मानतात. 1850 च्या दशकात अमेरिकेच्या फोर्ट रँडल या लष्करी तळावर घोडदळाच्या घोड्यांची आयाळ आणि शेपटी झडली, खूर सुजून सुटू लागले. तळावरच्या डॉक्टर मॅडिसननं ते बारकाईनं टिपलं. तो मुलूख आज साउथ डकोटात येतो. तिथल्या शेतकऱ्यांनीही आधी दोष दिला तो खाऱ्या पाण्यालाच. या रोगाचं त्यांनी ठेवलेलं इंग्रजी नावसुद्धा क्षारांवरून आहे. पाणी निर्दोष आहे आणि विष धान्यातून व गवतातून येतंय, हे उलगडायला 1930 चं दशक उजाडलं. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला ही गोष्ट ऐकताना वेगळं काही सांगावं लागत नाही.

माणसांमधला नीट अभ्यासलेला प्रकार चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शीचा. 1961 ते 1964 या काळात तिथल्या काही खेड्यांत लोकांचे केस आणि नखं गळू लागली. सर्वाधिक झळ बसलेल्या पाच खेड्यांत 248 माणसं होती, त्यातल्या जवळपास निम्म्यांना हा त्रास झाला. केस आधी ठिसूळ व्हायचे, मग मुळाशी तुटायचे. नखांवर ठिपके यायचे, जाड व्हायची आणि गळायची. काहींच्या हातापायांना मुंग्या येऊन बधिरपणा आला. गावातल्या जनावरांचीही तीच गत. कारण शोधत गेल्यावर असं दिसलं की डोंगरातल्या दगडी कोळशात सेलेनियम ठासून भरलेलं आहे, पाऊस-वाऱ्यानं ते झिजून शेतात उतरतं आणि जमिनीत चुना टाकायची तिथली रीत असल्यामुळे पिकं ते आणखी जोरात शोषतात. तरीही एरवी लोकांचं निभावत होतं, कारण भात असायचा. त्या वर्षी दुष्काळात भात गेला, लोक रानातला मका आणि भाज्या यांवर येऊन पडले, आणि ताट एकाच विषारी मातीचं झालं. यांग गुआंगची आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हा सगळा वृत्तान्त प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी काढलेलं रोजचं सरासरी सेलेनियम होतं 4.99 मिलिग्रॅम.

त्यांचा दुसरा निष्कर्ष उपचाराबद्दलचा आहे आणि मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. लोकांना तिथून हलवून जेवण बदललं आणि माणसं बरी झाली. सेलेनियमवर खास असा उतारा नाही. केसाचं मूळ शाबूत असतं, त्यामुळे विष थांबलं की केस परत येतात. शेगावकडेही काही आठवड्यांत बऱ्याच जणांच्या डोक्यावर केसांची कोवळी लव दिसू लागली.

राहता राहिला पंजाब. शिवालिकच्या पायथ्याला होशियारपूर आणि नवांशहर या जिल्ह्यांच्या काही भागांत सेलेनियमची जमीन आहे, ही माहिती काल-परवाची नाही. डोंगरातून चोआ म्हणजे बरसाती ओढे गाळ आणतात, तो शेतात बसतो. तिथल्या म्हशींची शिंगं आणि खूर गळाल्याच्या, माणसांचे केस आणि नखं गेल्याच्या नोंदी लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या मृदाशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच केल्या. त्यांनी त्यावर उपायही शोधला, शेतात जिप्सम टाकण्याचा. जिप्सममधलं सल्फेट मुळांच्या दाराशी सेलेनियमशी स्पर्धा करतं, म्हणून दाण्यात सेलेनियम कमी उतरतं. एन्शीत चुन्यानं बिघडलं, इथे जिप्समनं सावरलं. दोन्ही पांढऱ्या पावडरीच, पण शेतकऱ्याला कुणीतरी फरक सांगावा लागतो. इतकं ठाऊक असताना त्या पट्ट्यातलं धान्य वेगळं तपासून, इतर धान्यात मिसळून पाठवण्याची सक्त व्यवस्था असायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. कंट्रोलच्या दुकानात जे पोतं उतरतं तेच खाणाऱ्याला दाणा निवडण्याची मुभा नसते. त्यात वऱ्हाडात ज्वारीची भाकरी मागे पडून रेशनच्या गव्हाची पोळी पुढे आली आहे. घरची ज्वारी आणि बाहेरचा गहू असं मिसळीचं ताट असतं तर एका पोत्याचा मारा इतका बसला नसता.

केसांवरच घाला का, तर केस केराटिनचे असतात आणि केराटिनला मजबुती देतात गंधकाच्या अणूंचे एकमेकांत गुंतलेले टाके. सेलेनियम आवर्त सारणीत गंधकाच्या अगदी खाली बसतं, वागणूकही मिळतीजुळती. जास्त झालं की शरीर गंधकाच्या जागी तेच वापरतं, आणि टाका कच्चा राहतो. नखांचंही तेच.

ज्यांचा मामला निराळा आहे त्यांच्यासाठी औषधं आहेत. कपाळापासून मागे सरकणारं वंशपरंपरेचं टक्कल पुरुषी संप्रेरकांशी बांधलेलं आहे. त्यासाठीची फिनास्टेराइडची गोळी अमेरिकेत 1997 मध्ये मान्य झाली. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढताना दिसली म्हणून त्याचं लोशन झालं, 1988 मध्ये. चाई पडणं हा शरीराच्या संरक्षक पेशींनी स्वतःच्याच केसांवर चढवलेला हल्ला. तीव्र स्वरूपाच्या चाईसाठी बॅरिसिटिनिब 2022 मध्ये मंजूर झालं. शेगावच्या माणसाला यातलं एकही लागू नव्हतं.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. केस वाढवण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत सेलेनियम असतं. डबी फिरवून मागचा बारीक मजकूर वाचा. एका गोळीतलं प्रमाण सहसा मर्यादेत असतं, पण तीन डब्या एकाच वेळी चालू असतील तर बेरीज तुम्हालाच करावी लागेल. 2008 मध्ये अमेरिकेत एका पातळ टॉनिकमध्ये चुकून छापील प्रमाणाच्या दोनशे पट सेलेनियम पडलं. 201 माणसं आजारी पडली आणि त्यातल्या बहुतेकांचे केस गळले. केस गळताहेत म्हणून एखाद्यानं त्याच टॉनिकचा आणखी एक चमचा घेतला असता, तर त्याला दोष कसा देणार?

एप्रिल 2025 मध्ये त्याच गावांतून पुन्हा बातमी आली, या वेळी नखांची. नखं ठिसूळ होऊन तडकत होती, काहींची गळून पडली. लोक नव्यानं घाबरले. पण हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं. मुळाशी झालेली दुखापत टोकाकडे सरकायला महिने जातात, अख्खं नख नवं यायला सहा. डोक्यावर केस परत आलेल्या माणसाच्या नखांत डिसेंबरातलं जेवण अजून दिसत होतं.